ओळख पटली, म्हणजे काय झाले?

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हांला ज्ञानमीमांसा हा विषय होता. तास दुपारच्या जेवणानंतरचा. शिकवणारे फादर विद्वान होते, परंतु त्यांचा आवाज एकाच पट्टीत चाले आणि समोरच्या बाकांवरील आम्हां भावी धर्मगुरूंच्या माना एकेक करून खाली जात. ज्ञान म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, काल होती तीच वस्तू आज आहे हे कशावरून, असे तीन मोठे प्रश्न आणि त्यांची ठरीव उत्तरे आम्ही वहीत उतरवून घेतली व परीक्षेत लिहिली. गुणही बरे मिळाले. मात्र या प्रश्नांवर एखाद्याचे घरदार, अब्रू किंवा प्राण अवलंबून असू शकतात, असे काही त्या वेळी वाटले नाही. ते वाटायला लावले, पुष्कळ वर्षांनी, एका इतिहासाच्या पुस्तकाने.

नॅटली झेमन डेव्हिस या विदुषीचे 'द रिटर्न ऑफ मार्टिन गेर' हे ते पुस्तक. 1983 साली ते हार्वर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केले. लेखिका 2023 साली निवर्तल्या. आदल्याच वर्षी, 1982 मध्ये, याच कथेवर फ्रेंच चित्रपट निघाला होता व डेव्हिसबाई त्याच्या सल्लागार होत्या. परंतु 'कदाचित' आणि 'असेही असेल' यांना पडद्यावर जागा नसते, ही रुखरुख त्यांना लागून राहिली आणि तिच्यातून हे छोटेखानी पुस्तक जन्मले. आमच्या धर्मग्रामातील एका प्राध्यापिकेने ते मला वाचायला दिले. त्यानंतर ते मी तीनदा वाचले आहे, आणि दर वेळी लेखिकेशी माझे थोडे अधिकच भांडण झाले आहे. ते भांडण वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम हकीकत. फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आर्तिगा नावाचे खेडे आहे. 1527 साली बास्क प्रदेशातून एक कुटुंब तेथे येऊन स्थायिक झाले आणि गेर या आडनावाने राहू लागले. त्या घरच्या मार्टिनचे लग्न 1538 च्या सुमारास, दोघेही अगदी कोवळ्या वयाचे असताना, बेर्त्रांद द रोल्स हिच्याशी झाले. आठ वर्षे संसार फुलला नाही. कुणी करणी केली असावी असा समज झाला, चार मिस्सा अर्पण करण्यात आल्या, आणि त्यानंतर सांशी हा पुत्र झाला. 1548 साली मार्टिनवर स्वतःच्या बापाचे थोडे धान्य चोरल्याचा आळ आला आणि तो कुणाला न सांगता गाव सोडून गेला. मागे पत्नी, तान्हे मूल आणि शेतीवाडी.

1556 साली एक मनुष्य आला आणि म्हणाला, मी मार्टिन. चार बहिणींनी त्याला मिठी मारली. चुलता पियेर गेर प्रथम घुटमळला, पण जुन्या गोष्टी ऐकल्यावर त्यानेही त्याला जवळ केले. बेर्त्रांदही आधी मागे सरली. मग त्याने तिला तिच्या पेटीत ठेवलेल्या कपड्यांची आठवण सांगितली आणि तिने त्याला नवरा म्हणून स्वीकारले. तीन वर्षांहून अधिक काळ दोघे गुण्यागोविंदाने नांदली. दोन मुली झाल्या, त्यांतली एक जगली. मग जमिनीच्या उत्पन्नाच्या हिशेबावरून चुलत्या-पुतण्यात बिनसले. पुतण्या कोर्टात गेला, आणि चुलता म्हणू लागला, हा मार्टिन नव्हेच.

रियच्या न्यायालयात सुमारे दीडशे साक्षीदार तपासले गेले. पंचेचाळीस किंवा अधिक जण म्हणाले, हा शेजारच्या मुलखातला आर्नो द्यु तिल आहे. तीस-चाळीस जणांनी तो मार्टिनच असल्याची ग्वाही दिली. साठांहून अधिक जणांनी सांगितले, दोघांत इतके साम्य आहे की आम्हांला काही सांगता येत नाही. चांभाराने पायाचे माप सांगितले: मार्टिनचा पाय बारा मापाचा, कैद्याचा नऊ. येथे त्याला मृत्युदंड झाला. त्याने तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात अपील केले. तेथील न्यायमूर्ती झां द कोरास यांनी सर्व पुरावा तोलला आणि न्यायालय कैद्याच्या बाजूने झुकू लागले. इतक्यात, 1560 च्या उन्हाळ्यात, लाकडी पायाचा एक मनुष्य न्यायालयाच्या दारात येऊन उभा राहिला. खरा मार्टिन. स्पेनमध्ये चाकरी करून, सैन्यात शिरून, 1557 साली सँ-कांतँच्या लढाईत पाय गमावून तो परतला होता. 12 सप्टेंबरला निकाल लागला आणि चार दिवसांनी आर्नोला आर्तिगा येथे, मार्टिनच्या घरासमोर, फाशी देण्यात आले. मरण्यापूर्वी त्याने सर्व कबूल केले. कोरास यांनी 1561 साली हा खटला टीपांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आज आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा आधार तोच ग्रंथ.

आता आमच्या वहीतील पहिली व्याख्या घेऊ. ज्ञान म्हणजे खरी असलेली आणि पुरेसा आधार असलेली धारणा. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात ही व्याख्या पुढे येते आणि समाधान न झाल्यामुळे सोडूनही दिली जाते. पण शिकवण्याच्या सोयीसाठी ती टिकून राहिली. 1963 साली एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने तीन पानांचा एक निबंध लिहिला आणि दाखवून दिले की धारणा खरी असेल, आधारही असेल, तरी ती ज्ञान नसू शकते. त्याने दिलेली उदाहरणे नोकरीच्या मुलाखतीची आणि मोटारीची आहेत. चतुर आहेत, पण कागदी वाटतात. आर्तिगात मात्र त्याचे जिवंत उदाहरण चारशे वर्षे आधीच घडून गेले होते. 1556 साली त्या गावच्या एखाद्या शेतकऱ्याला आपण विचारले असते, "मार्टिन गेर जिवंत आहे काय?" तो म्हणाला असता, "अर्थात! काल संध्याकाळी त्याच्याशी बोललो." मार्टिन जिवंत आहे ही त्याची धारणा खरी होती, कारण खरा मार्टिन तेव्हा परमुलखात जिवंत होताच. धारणेला आधारही होता: डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, बहिणींनी ओळखले. तरी त्या शेतकऱ्याला मार्टिन जिवंत असल्याचे ज्ञान होते, असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही. त्याचे खरे ठरणे हा योगायोग होता. आधार एका माणसाचा आणि सत्य दुसऱ्याच माणसाचे.

चुलता पियेर याची गोष्ट याच्या उलट आणि अधिक टोचणारी आहे. तो म्हणत होता ते खरे होते. पण तो ते केव्हा म्हणू लागला? हिशेब मागितला गेला तेव्हा. त्यापूर्वी तीन वर्षे त्याला काहीच खटकले नव्हते. पुढे एक सैनिक गावावरून गेला आणि खऱ्या मार्टिनचा पाय तुटल्याचे सांगून गेला, तेव्हा पियेरला आधारही मिळाला. लोभाने जन्मलेली आणि मागाहून आधार सापडलेली धारणा ज्ञान म्हणायची काय? माझे उत्तर 'होय' असे आहे, जरी ते देताना मला आनंद होत नाही. हेतू मलिन असला म्हणून चांभाराचे माप चुकत नाही. आपण धर्मग्रामातील तंट्यांत नेमके उलटे वागतो: सांगणाऱ्याचा हेतू वाईट आहे एवढे दिसले की त्याचे सांगणेच खोटे ठरवून मोकळे होतो.

आपल्याकडील नैयायिकांनी या विषयाचा किती बारीक विचार केला आहे, हे मला सेमिनरीत नीट कळले नव्हते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची चार प्रमाणे. शिवाय ओळखण्याच्या क्रियेला त्यांनी वेगळे नाव दिले: प्रत्यभिज्ञा. 'तोच हा देवदत्त' हे त्यांचे ठरलेले उदाहरण. यातला 'हा' डोळ्यांसमोर असतो, 'तो' स्मरणातून येतो आणि 'च' त्या दोघांना जोडतो. आर्तिगात चूक कोठे झाली याचा शोध या एका वाक्याच्या साहाय्याने घेता येतो. 'हा' स्पष्ट दिसत होता. 'तो' आठ वर्षांपूर्वीचा, पुसट झालेला. आणि आर्नोचे कसब असे की लोकांच्या मनातला तो पुसट 'तो' त्याने स्वतःच पुन्हा रंगवून दिला. भेटेल त्याला जुन्या आठवणी सांगायच्या. ऐकणाऱ्याच्या स्मृतीत हळूहळू मार्टिनच्या चेहऱ्याच्या जागी आर्नोचा चेहरा बसायचा. मग जुळणी झाली यात नवल काय? साक्षीदार आणि आरोपी आतून एक झाले होते. शब्दप्रमाणाचीही तीच गत. बहिणींनी ओळखले म्हणून शेजाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी ओळखले म्हणून गावाने. पुष्कळ साक्षी दिसत होत्या, पण मोजायला बसले तर मूळ साक्ष दोन-चारच.

उत्पत्तीच्या पुस्तकातील अंध इसहाकाची आठवण येथे वाचकांना झालीच असेल. त्याच्या कानाने एक सांगितले, हाताने आणि नाकाने दुसरे. त्याने हातावर विश्वास ठेवला आणि आशीर्वाद भलत्यालाच गेला. कोरास यांच्यापुढेही असाच पेच होता. एका पारड्यात चांभाराचे माप, बास्क भाषेचे चारच शब्द येणे, सांशीचे या माणसाशी साम्य नसणे. दुसऱ्या पारड्यात बहिणींची ग्वाही, कैद्याची अचूक स्मरणशक्ती, आणि तीन वर्षे त्याच्या घरात राहिलेली बायको.

सत्याविषयी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही पाठ केली होती: वस्तू आणि बुद्धी यांची जुळणी म्हणजे सत्य. मराठीत या जुळणीला एक सुरेख क्रियापद आहे: पटणे. ओळख पटते, म्हणणे पटते, हुंडी पटते, आणि दोन जावांचे पटत नाही. वस्तूशी जुळणे, मनाला मान्य होणे आणि एकमेकांशी सलोखा असणे हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसले आहेत. सोयीचे आहे, आणि धोक्याचेही. आर्तिगात तीन वर्षे सगळ्यांचे पटत होते, म्हणून ओळखही पटलेली राहिली. सलोखा मोडला त्या दिवशी ओळखही मोडली. मधल्या काळात त्या माणसाच्या पायाचे माप मात्र नऊच होते. सत्य म्हणजे समाजाची सहमती, असे म्हणणारे विद्वान आज पुष्कळ आहेत. त्यांना त्या चांभाराकडे एकदा पाठवावे असे मला फार वाटते.

तथापि न्यायाधीशाला वस्तू आणि बुद्धी यांच्या मध्ये उभे राहून निवाडा द्यावा लागतो, आणि तोही मुदतीत. मोंतेन या फ्रेंच निबंधकाराने 1588 साली या खटल्याविषयी लिहिताना असा अभिप्राय दिला की इतक्या गुंतागुंतीच्या प्रकरणात फाशी देणे हे धाडस झाले. न्यायालयाने सरळ 'आम्हांला काही कळत नाही' असे म्हणावे, किंवा प्राचीन अथेन्सच्या न्यायाधीशांप्रमाणे पक्षकारांना शंभर वर्षांनी या म्हणून सांगावे. मोंतेनचा हा विनय मला आवडतो, पण तो घरात बसून लिहिणाऱ्याला परवडणारा विनय आहे. शंभर वर्षे त्या मुलीने कुणाच्या नावाने जगायचे? ख्रिस्तसभेची न्यायासने यासाठी 'नैतिक निश्चिती' हा शब्द वापरतात. पोप बारावे पायस यांनी 1942 साली तिचा अर्थ समजावून दिला: एका बाजूला गणितासारखी पूर्ण निश्चिती, दुसऱ्या बाजूला नुसती शक्यता, आणि त्या दोहोंच्या मध्ये ही, जीत उलट असण्याची कल्पना करता येते पण तशी शंका घ्यायला सयुक्तिक कारण उरत नाही. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी 1870 च्या आपल्या ग्रंथात हेच वेगळ्या वाटेने सांगितले होते. अनेक लहान लहान शक्यता एकाच दिशेला निर्देश करू लागल्या की मन निश्चिती गाठते, आणि ती गाठणे अविवेक नव्हे. कोरास यांचे तोलणे याच जातीचे होते. ते चुकणार होते, हे खरे. लाकडी पाय दारात वाजला नसता तर एक सयुक्तिक, काळजीपूर्वक लिहिलेला आणि संपूर्ण खोटा निकाल इतिहासात जमा झाला असता.

तिसरा प्रश्न, 'तोच तो' याचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी 1694 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर एक प्रकरण घातले. राजपुत्राचा आत्मा त्याच्या सर्व आठवणींसह एखाद्या चांभाराच्या देहात शिरला तर तो कोण? लॉक म्हणतात, मनुष्य म्हणून चांभार, पण व्यक्ती म्हणून राजपुत्र. कारण भूतकाळाची जाणीव जेथवर पोचते तेथवर ती व्यक्ती. यावर स्कॉटलंडच्या टॉमस रीड यांनी 1785 साली घेतलेला आक्षेप ऐकण्यासारखा आहे. लहानपणी बागेतली फळे चोरल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी झाला, आणि त्याच्याही पुढे सेनापती. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला अधिकारीपणाचा पराक्रम आठवतो, पण मार आठवत नाही. मग सेनापती हा तो मुलगा आहे की नाही? आर्तिगाचा खटला लॉकना याहूनही अडचणीचा. दोघांना समोरासमोर उभे करून गुप्त प्रश्न विचारले गेले, तेव्हा खऱ्या मार्टिनची उत्तरे तोतयाच्या उत्तरांपेक्षा कच्ची निघाली. बारा वर्षे परमुलखात, घाव, आजार; तो विसरला होता. ज्याने ते आयुष्य जगले नव्हते त्याने ते पाठ केले होते. लॉक म्हणतील, पाठ करणे आणि आठवणे यांत फरक आहे. आहेच; पण तो फरक बाहेरून कोण सांगणार? लॉकच्या ग्रंथाला उत्तर म्हणून लिहिलेल्या आपल्या पुस्तकात लायब्निझ यांनी खोट्या मार्टिन गेरचा उल्लेख केला आहे, तो काही उगाच नव्हे.

याला जोडून एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ स्नानसंस्काराचा दाखला मागायला कार्यालयात आले. निवृत्त, नीटनेटके. नोंदवहीत त्यांचे नाव, आईबापांची नावे, सर्व सापडले. मृत्यूच्या वहीत सहज नजर गेली तर तेच नाव, तेच आईबाप. मूल अकरा महिन्यांचे होऊन वारलेले. पुढे चाळता चाळता दोन वर्षांनंतर त्याच नावाचा दुसरा स्नानसंस्कार. पहिले मूल गेले, तेव्हा दुसऱ्याला त्याचेच नाव ठेवले होते, आणि शाळेत घालताना कुणीतरी पहिल्या नोंदीवरून दाखला नेला होता. गृहस्थ आयुष्यभर आपल्या वारलेल्या भावाच्या जन्मतारखेवर जगले, नोकरीला लागले आणि दोन वर्षे आधी निवृत्त झाले. ऐकून ते प्रथम हसले. मग बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "फादर, म्हणजे वाढदिवसाला मी कुणाच्या नावानं मिस्सा सांगत होतो?" मी त्यांना सुधारलेला दाखला दिला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके तत्त्वज्ञान मला आठवले नाही.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. 'तोतया' हा शब्द उच्चारताच आपल्यापुढे एकच माणूस उभा राहतो. 14 जानेवारी 1761 च्या त्या दिवशी सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचे शव ओळखून अग्निसंस्कार केल्याची हकीकत काशीराज पंडिताने लिहून ठेवली आहे. तरी काही वर्षांतच 'मी भाऊ' म्हणणारा एक मनुष्य उगवला, कैदेत पडला, 1776 साली रत्नागिरीहून सुटला, आणि सारे कोकण हलवून सोडील एवढे बंड त्याने उभे केले. त्याच वर्षी तो पकडला जाऊन पुण्यात देहदंड पावला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिले. आर्नो आणि हा तोतया यांत एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. आर्नोला माणसे जिंकावी लागली, एकेक आठवण सांगून. भाऊच्या तोतयाला फारसे सांगावे लागले नसावे. भाऊ जिवंत असावेत अशी एका संपूर्ण पिढीची इच्छा होती आणि त्या इच्छेला एक देह हवा होता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही, सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. त्यांची धारणा खोटी होती, तिला पुरावाही नव्हता. आमच्या वहीतील व्याख्येप्रमाणे तिला ज्ञानाच्या आसपासही जागा नाही. एवढे बोलून त्यांच्याविषयी काही सांगितल्यासारखे मात्र वाटत नाही.

येथे माझे डेव्हिसबाईंशी भांडण सुरू होते. कोरास यांच्या मते बेर्त्रांद फसली होती. डेव्हिसबाई हे मानत नाहीत. नवरा म्हणून वावरणाऱ्या परपुरुषाचा स्पर्श बायकोला कळणार नाही, हे त्यांना अशक्य वाटते. त्यांच्या मते तिला पहिल्यापासून, निदान फार लवकर, सत्य ठाऊक होते. उघड किंवा अबोल करार करून तिने आर्नोला मार्टिन होण्यास मदत केली, आणि खटल्यात दोन्हीकडून आपला बचाव होईल अशी चाल खेळली. आपले पुस्तक काही अंशी कल्पनेने भरलेले आहे, मात्र जुन्या कागदपत्रांच्या लगामात, हे त्या प्रस्तावनेतच प्रांजळपणे सांगतात. 1988 साली रॉबर्ट फिनले या इतिहासकाराने एका अमेरिकी नियतकालिकात त्यांच्यावर कडक टीका केली की कागद सांगतात त्यापेक्षा त्यांनी अधिक सांगितले आहे. त्याच अंकात बाईंनी सविस्तर उत्तर दिले. मला फिनले रुक्ष वाटतात, आणि बेर्त्रांदला केवळ भोळी ठरवणे हे त्यांच्या हातून तिच्यावर झालेला अन्याय वाटतो. बाईंच्या बाजूने एवढे म्हणेन की खेड्यातील निरक्षर स्त्रीला बुद्धी आणि बेत असू शकतो हे त्यांनी दाखवले, आणि ते फार मोलाचे आहे. या जोडप्याला नव्या प्रोटेस्टंट विचारांची ओढ असावी, हा त्यांचा तर्क मात्र फारच विरळ धाग्यावर टांगलेला आहे; मी धर्मगुरू म्हणून असे म्हणतो असे कुणी समजू नये.

दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात: तिला एक तर ठाऊक होते, किंवा नव्हते. माझा आक्षेप येथे आहे. समुद्रावर जगणाऱ्या एका वस्तीत सेवा करीत असताना एका स्त्रीचे प्रकरण माझ्याकडे आले. नवरा होडीवर गेला तो परतला नाही. देहही सापडला नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील 1707 व्या कलमाप्रमाणे जोडीदाराचा मृत्यू गृहीत धरण्यासाठी नुसती अनुपस्थिती, कितीही दीर्घ असो, पुरत नाही. साक्षी, अफवा, सगळे तपासून बिशपांना नैतिक निश्चिती यावी लागते. नागरी कायद्याचा सात वर्षांचा दंडक त्या मानाने सोपा. घरच्यांचा आग्रह की तिचे पुन्हा लग्न व्हावे. माणूसही चांगला होता. मी साक्षी गोळा करू लागलो. ती दारापाशी उभी राहून म्हणाली, "फादर, तुम्ही कागद पाठवा. पण मला काय वाटतं, ते विचारू नका." मी विचारले नाही. तिला ठाऊक होते की नव्हते? एवढेच खरे की तो प्रश्न स्वतःला न विचारण्याचे तिने ठरवले होते, आणि ते ठरवणे हीच तिच्या मनाची अवस्था होती. आपल्या भाषेत 'दिसत असून न पाहणे' असे आपण म्हणतोच.

बेर्त्रांदला मी तेथे पाहतो. चुलत्याच्या माणसांनी आर्नोला काठ्यांनी झोडपले तेव्हा तिने अंगावर पडून त्याला वाचवले, आणि पुढे त्याच्याविरुद्धच्या फिर्यादीतही तीच उभी राहिली. कैदी न्यायालयात म्हणाला, हिने शपथेवर सांगावे की मी मार्टिन नव्हे, मग मला कोणतेही मरण द्या. ती गप्प राहिली. डेव्हिसबाईंना त्या गप्प राहण्यात चतुराई दिसते. मला वाटते, प्रथमच तिला तो प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता. शपथ म्हणजे जाणणे. त्या क्षणापर्यंत तिने जाणण्याचे टाळले होते, आणि आता देवासमोर जाणावे लागणार होते. हे मी सिद्ध करू शकत नाही, हे मान्य. बाईंचेही सिद्ध होत नाही. पण त्यांच्या तर्कात एक अडचण आहे जी माझ्यात नाही. करारच झाला असता तर आर्नोने फाशीच्या पायरीवर, सर्व कबूल करताना, तिचे नाव का घेतले नाही? प्रेमाखातर, असे बाई म्हणतील. शक्य आहे. तो माणूस तसा होता.

खरा मार्टिन न्यायालयात आला तेव्हा बहिणी रडत त्याच्या गळ्यात पडल्या. बेर्त्रांद थरथरत पुढे झाली आणि तिने क्षमा मागितली. त्याने ती दिली नाही. बहिणींचे आणि चुलत्याचे चुकणे मी समजू शकतो, असे तो म्हणाला, पण बायकोने नवऱ्याला ओळखू नये? कोरास यांनी तेथल्या तेथे त्याला सुनावले की या साऱ्या अनर्थाचे मूळ घर सोडून जाणाऱ्या तुझ्यापाशी आहे. हा प्रसंग बाईंनी फार भरकन उरकला आहे. चारशे वर्षांच्या चर्चेत बेर्त्रांदला काय कळले याचा काथ्याकूट झाला. बारा वर्षे ज्याने चौकशी केली नाही त्या मार्टिनला काय कळत होते, हे फारसे कुणी विचारलेले नाही.

निकालाचा शेवटचा भाग बेर्नार्द या मुलीविषयी आहे. आर्नोपासून झालेली, तीन वर्षे मार्टिनची म्हणवली गेलेली. कायद्यापुढे ती अनौरस ठरण्याचा धोका होता. ती औरस ठरायची असेल तर एकच वाट होती: आईने त्या माणसाला सद्भावनेने आपला नवरा मानले होते, असे न्यायालयाने मानणे. न्यायाधीशांपुढे बेर्त्रांदच्या मनाचा पुरावा नव्हता, तिचे मौन तेवढे होते. त्यांनी ते मानले. आर्नोची जी काही मालमत्ता होती ती त्या मुलीच्या नावे करण्यात आली, आणि बेर्त्रांद त्या लाकडी पायाच्या माणसाबरोबर आर्तिगाला परत गेली. त्यांना पुढे आणखी मुलगे झाले, असे वाटणीचे कागद सांगतात.